शेजारची खुर्ची

काल काकूंनी गव्हाचा चीक शिजवला. मला जाग आली ती त्या वासानेच. भिजून आंबूस झालेला गहू, त्यात जिरं आणि मीठ पडलं की येणारा ऊन, ओलसर वास. नारायण पेठेतल्या काकूंच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मी कॉट बेसिसवर, एका खाटेचं भाडं देऊन राहते. तीनच खोल्या आहेत, त्यामुळे वास कुठे लपून राहत नाही. तो पुस्तकांना लागतो, दोरीवरच्या ओढण्यांना लागतो, केसांना लागतो.

हा वास आला की मला थंडी वाजते. हे कुणाला सांगितलं तर हसतील. फाल्गुन संपत आलाय, दुपारी गॅलरीच्या फरशीवर पाय ठेववत नाही, कोपऱ्यावरचा कडुनिंब बारीक पांढऱ्या फुलांनी भरलाय. पण गेल्या वर्षी याच दिवसांत मी रोज सकाळी हा वास अंगावर घेऊन खराडीला जायची, आणि तिथल्या काचेच्या इमारतीत दिवसभर गारठून बसायची. उन्हाळा मी फक्त बसमध्ये पाहिला. माझ्या अंगाला अजून तोच हिशेब माहीत आहे.

गॅलरीत कुरडया वाळत घातल्या आहेत. खाली प्लास्टिक, त्याखाली सागवानी लाकडाची मोठी, गुळगुळीत फळी. जोगळेकर काका पूर्वी पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या भागांचे नकाशे हाताने काढायचे. ती फळी त्यांचा ड्रॉइंग बोर्ड. कारखान्यातून जुनं सामान काढलं तेव्हा त्यांनी तो मागून घरी आणला. काकू त्याला पाट म्हणतात.

"पाट नाही तो. ड्रॉइंग बोर्ड आहे," काका पेपरातून मान वर न काढता म्हणतात.

"कुरडयांना सांगा," काकू म्हणतात.

मी इथे राहायला आल्यापासून हा संवाद ऐकतेय. दर फाल्गुनात, शब्द तेच. सुरुवातीला मला हसू यायचं.

*

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वाशीमजवळच्या गावात बाबा कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात कामाला आहेत. मी बी.एस्सी. कॉम्प्युटरला पुण्यात प्रवेश घेतला तेव्हा त्यांना त्यातलं इतकंच कळलं की पोरगी मशीनवर काम शिकते आहे. तेवढं त्यांना पुरेसं होतं. मशीन त्यांच्या ओळखीची गोष्ट होती.

शेवटच्या सत्रात कंपनीत जाऊन काम करायचं असतं. त्याला इंटर्नशिप म्हणतात. खराडीच्या कंपनीने मला घेतलं तेव्हा कॉलेजच्या सरांनी सांगितलं, काम चांगलं केलंस तर तिथेच नोकरी लागेल. मी बाबांना फोनवर हे सांगितलं, आणि "तर" हा शब्द बहुतेक मीच घाईत गिळला. दोन दिवसांत गावात सगळ्यांना माहीत झालं होतं की मी कंपनीत लागले.

मनपाच्या स्टॉपवरून खराडीची बस. येरवडा, विमाननगर, चंदननगर. बसमध्ये माझ्यासारखेच सगळे, गळ्यात पट्ट्या, पट्ट्यांना कार्डं. कायम नोकरीवाल्यांची पट्टी निळी, इंटर्नची हिरवी. कार्ड लावल्यावर दार उघडायचं तेव्हा एक बारीक आवाज यायचा. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मी कार्डाकडे पुन्हा पाहिलं. या दाराला माझं कार्ड समजतं. असं वाटलं की आतलं सगळं माझी वाट बघतंय.

आत मला एक खुर्ची दिली. खुर्चीसमोर काही नव्हतं. ती अनघा मॅडमच्या टेबलाशेजारी होती, किंचित मागे.

*

अनघा मॅडम म्हणजे आमच्या मजल्यावरच्या सगळ्यात जुन्या इंजिनिअर. परदेशात एका कंपनीची किराणा मालाची मोठमोठी गोदामं होती. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळण्याचं काम आमच्याकडे होतं. तिकडे काही अडलं की तक्रार यायची. तिला तिकीट म्हणतात. ट्रक उभा आहे आणि पावती छापत नाही, असलं काहीतरी. मॅडमनी ते दुरुस्त करायचं, तिकीट बंद करायचं, पुढचं उघडायचं.

मी फक्त पाहायचं. लॉगिन फक्त त्या परदेशी कंपनीने मंजूर केलेल्या माणसांना मिळायचं, आणि इंटर्नचं नाव तिकडे कळवलंच जात नव्हतं. म्हणजे त्यांच्या लेखी त्या खुर्चीत कुणी नव्हतं. इथे सगळीकडे अशीच पद्धत आहे, असं मला सांगण्यात आलं. नवीन माणूस जुन्याच्या शेजारी बसतो. हात मांडीवर.

"मला अनघा म्हण. इथे कुणी मॅडम म्हणत नाही."

"हो मॅडम."

"म्हण मग."

"हो मॅडम."

त्या हसल्या आणि नाद सोडला.

त्यांचं हसणं छोटं असायचं, लगेच संपायचं. पहिल्याच आठवड्यात मला एसीच्या वाऱ्यात कुडकुडताना पाहून त्यांनी ड्रॉवरमधून एक करड्या रंगाची शाल काढून दिली. ती शाल मी रोज पांघरायची आणि निघताना घडी करून परत द्यायची. तिला मंद, बंद ड्रॉवरचा वास होता. कागद आणि वेलदोडा. मला तो मॅडमचा वास वाटायचा.

संध्याकाळी बाबांचा फोन.

"मंग, आज काय काम केलं?"

"मॅडमच्या बाजूला बसले होते, बाबा."

"अन् हात केव्हा लावू देतीन?"

"शिकतेय अजून."

"आमच्या जिनात नवीन माणूस दोन दिवस उभा राहते. तिसऱ्या दिवशी मशीनले हात लावते." मग स्वतःच म्हणाले, "तुमचं मोठं असन मशीन."

"हो, मोठं आहे."

काकांना मी असंच एकदा सांगितलं की ऑफिसात काही करू देत नाहीत. ते म्हणाले, "भाग्यवान आहात. लोक त्यासाठी वशिला लावतात." मग पेपराची घडी केली. कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा नकाशे काढायला नवीन मुलं घेतली आणि काकांना स्टोअरला बसवलं, हे मला काकूंकडून कळलं होतं. कामगारांना हातमोजे आणि साबण द्यायचे. त्यांनी निवृत्तीपर्यंत ते दिले.

"तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत?" मी काकांना विचारलं.

"काय बोलायचं? पगार कमी केला नाही. उलट दरसाल वाढला. तक्रार कुठल्या तोंडाने करायची?"

*

एका सकाळी पावती न छापण्याची तीच जुनी तक्रार पुन्हा आली. दर थोड्या दिवसांनी यायची. उपाय ठरलेला होता, अडकलेली नोंद काढायची आणि पुन्हा सुरू करायचं. मॅडम ते करत होत्या आणि मी मागून पडद्यावरची मालाची नावं वाचत होते. मला आठवलं, या आधी अडकलेल्या नोंदींतही असंच होतं. नावात अवतरण चिन्ह. वर्गात प्रॅक्टिकलला माझा प्रोग्राम असाच एका चिन्हावर बंद पडला होता.

बोलू की नको, यात बराच वेळ गेला. मग बोलले.

मॅडमनी जुनी तिकिटं उघडून पाहिली. एक, दोन, बऱ्याच. मग त्यांनी आपली खुर्ची सरकवली आणि माझी खुर्ची हाताने धरून पुढे ओढली, टेबलापर्यंत.

"सांग. मी टाइप करते."

मला वाटतं, त्या हंगामातलं माझं खरं ऊन ते होतं. मी सांगत होते आणि त्यांची बोटं लिहीत होती. मध्येच त्या थांबायच्या, "असं नाही, हे बघ," म्हणत माझं वाक्य सुधारून लिहायच्या, आणि ते इतकं नेटकं व्हायचं की पाहत राहावं. शेजारी बसून पाहताना जे कळलं नव्हतं ते त्या तासाभरात कळलं. या बाई फार मोठ्या ताकदीच्या होत्या, आणि दिवसभर अडकलेल्या नोंदी काढत बसल्या होत्या.

ती तक्रार पुन्हा आली नाही. परदेशातून आभाराची मेल आली, मॅडमच्या नावाने. त्यांनी आमच्या मॅनेजरना, मंदार सरांना, बोलावून सांगितलं, "हे हिने शोधलं."

"अरे वा. गुड." सर माझ्याकडे पाहून खरंच मनापासून हसले. "फक्त मेलमध्ये नाव नको घालूस हं अनघा. तिला ॲक्सेस नाहीये ना."

बोलण्यासारखं काही होतं असं तेव्हा वाटलंही नाही. आम्हाला कामाची घाई झाली होती. त्यानंतर रोज तसंच चाललं. मी वाचायचं, शोधायचं, सांगायचं, त्यांनी टाइप करायचं. तिकिटं भराभर बंद व्हायला लागली. जेवताना त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी माझ्या मेसच्या डब्यात यायची. त्या भराभर बोलायच्या. सहाव्या मजल्यावर तेच सॉफ्टवेअर पायापासून नवं लिहिणारी टीम बसली होती. मॅडमना तिथे जायचं होतं. नवं कसं असावं याचं सगळं चित्र त्यांच्या डोक्यात होतं. जेवणाच्या टेबलावर पाण्यात बुडवलेल्या बोटाने त्या मला ते काढून दाखवायच्या. इथून माल येईल, इथे थांबेल, इथे फाटा फुटेल. एसीच्या वाऱ्याने एक रेघ वाळेपर्यंत दुसरी काढून व्हायची.

"इथलं सांभाळायला कुणी नाही म्हणून मला सोडत नाहीत," त्या म्हणाल्या. "तू तयार झालीस की मी सुटले."

हे ऐकून मला किती बरं वाटलं, हे मी कसं सांगू. माझ्या शिकण्याचा कुणाला उपयोग होता. बसमध्ये उभ्याने येताना मी तेच वाक्य मनात म्हणत राहायची. कडुनिंबाचा वास उघड्या खिडकीतून यायचा, आणि मला वाटायचं, गुढीपाडव्यापर्यंत मी तयार होईन.

*

मार्चमध्ये सगळ्यांच्या कामाचा आढावा असतो. काचेची एक खोली आहे, तिच्यात एकेकाला बोलावतात. बाहेरून दिसतं, ऐकू येत नाही. मॅडम आत गेल्या तेव्हा मी माझ्या खुर्चीतून पाहत होते. त्यांचे हात बोलत होते. टेबलावर तीच रेघ, इथे थांबेल, इथे फाटा फुटेल. सर मान डोलावत होते. मग सरांनी लॅपटॉप वळवून त्यांना काहीतरी दाखवलं. त्यानंतर मॅडमचे हात हलले नाहीत.

त्या परत येऊन बसल्या.

"काय म्हणाले?"

"माझं कौतुक केलं." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणे अख्ख्या मजल्यावर माझा आलेख सगळ्यात वर आहे. दोन माणसांचं काम एकटी करतेय. अशा माणसाला इथून हलवलं तर क्लायंट विचारेल."

मला कळायला एक क्षण लागला. दोन माणसांचं काम. ते तर होतंच. दोन माणसं होतीच.

"पण तुम्ही सांगितलं नाही? मी..."

"सांगितलं. तो म्हणाला, असेलही, पण सिस्टिममध्ये नाव माझं आहे." मग त्या छोटंसं हसल्या. "आपण फारच छान काम केलं गं."

आणि पुढचं तिकीट उघडलं. "वाच."

मी वाचलं. दुसरं काय करणार होते? पण आता प्रत्येक बंद होणारं तिकीट मला ऐकू यायचं, दाराच्या त्या बारीक आवाजासारखं. एखादं मी मुद्दाम चुकवावं, हळू सांगावं, असं मनात यायचं. ते जमायचं नाही. उत्तर दिसलं की तोंडातून निघून जायचं. मॅडमनाही टाइप न करणं जमत नसावं. चांगलं काम करायची सवय लागलेल्या माणसाला ती सोडता येत नाही. कुणाला ते माहीत असतं, आणि तो त्या सवयीवरच आपली इमारत उभी करतो. मी चूकही असेन. मला इमारतींतलं फारसं कळत नाही.

माझी पाळी नंतर आली. त्या खोलीतही थंडी होती. मंदार सर चांगलेच वागले, चहा मागवला.

"तू हुशार आहेस. अनघा खूप बोलते तुझ्याबद्दल. पण सिस्टिममध्ये तुझ्या नावावर काहीच दिसत नाहीये. एकही तिकीट नाही. मी वर काय दाखवू, सांग ना."

त्यांनी ते खरंच विचारलं होतं. उत्तर असतं तर त्यांनी लिहून घेतलं असतं. मी म्हटलं, "हो सर."

*

शेवटच्या दिवशी मी शाल घडी करून दिली. धुऊन आणली होती, काकूंच्या गॅलरीत वाळवून, त्यामुळे तिला जरा चिकाचा वास लागला होता. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही आता पांघरत जा. तुम्हाला पण गार वाटत असेल."

"मला सवय आहे," त्या म्हणाल्या. शाल त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली, वरून हात फिरवून सारखी केली. "राहू दे इथेच. पुढच्या फेब्रुवारीत लागेल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती शाल मी त्यांची समजत होते, पण त्यांच्या अंगावर मी ती कधी पाहिलीच नव्हती. माझ्या आधी त्या खुर्चीत कोण कोण बसून गेलं, हे मी विचारलं नाही. त्या सगळ्यांनाही मॅडमनी सांगितलं असेल का, की तू तयार झालीस की मी सुटले? सांगितलं असेल. आणि दरवेळी ते खरंच मानलं असेल, असं मला वाटतं. खोटं बोलणारं माणूस भाकरी वाटून खात नाही.

बाहेर आले तर ऊन अंगावर कोसळलं. हिरवी पट्टी दारावरच्या माणसाने काढून घेतली. बसमध्ये बाबांचा फोन आला, मी उचलला नाही. नंतर सांगितलं की अजून शिकायचं आहे, एम.एस्सी. करते. ते म्हणाले, "शिक. मशीन मोठं हाय." त्यांच्या आवाजात काही बदल झाला का, ते मला फोनवरून ओळखता आलं नाही.

आता एम.एस्सी.चं पहिलं वर्ष चालू आहे. मार्क चांगले पडतात. नवीन काही समजलं की अजूनही आनंद होतो, पण आता त्या आनंदामागून लगेच एक प्रश्न येतो, हे ठेवायचं कुठे? गेल्या महिन्यात कॉलेजातली माझ्या मागच्या वर्गातली पूजा विचारायला आली. जालन्याकडची आहे, तिच्याही घरात कॉलेजला आलेली पहिलीच. तिला त्याच कंपनीत इंटर्नशिप मिळाली होती.

"ताई, पहिल्या दिवशी काय घालून जाऊ?"

"स्वेटर ने," मी म्हटलं.

एवढंच सांगितलं. तिचे डोळे असे होते की पुढचं सांगवेना. मग तिला कुणाच्या शेजारी बसवलं, हेही मी इतके दिवस विचारलं नाही. विचारलं नाही तोवर मॅडम सहाव्या मजल्यावर आहेत असं धरून चालता येतं. मी तसं धरून चालले होते. कधी कधी वर्गात बसल्या बसल्या मला दिसायचं, त्या मोठ्या पांढऱ्या फळ्यासमोर उभ्या आहेत, खडूने म्हणा, पेनाने म्हणा, रेघा काढताहेत, आणि त्या रेघा वाळून जात नाहीत.

आज संध्याकाळी पूजाचा फोन आला. मी गॅलरीत कुरडया उलटत होते. तिच्या मागे बसचा आवाज होता, त्यामुळे ती ओरडून बोलत होती.

"ताई, स्वेटर लागलाच नाही. आमच्या मॅडम इतक्या चांगल्या आहेत ना, त्यांनी ड्रॉवरमधून मला शाल काढून दिली."

कुरडई माझ्या हातात मोडली.

"करडी?"

"हो. तुम्हाला कसं माहीत? ताई, आज मला एक चूक सापडली, तर त्यांनी माझी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या तू सांग, मी टाइप करते. म्हणाल्या, तू तयार झालीस की..." बस कुठेतरी थांबली असावी, तिचा आवाज एकदम स्पष्ट, जवळ आला. "मी होईन ना तयार, ताई? मी खूप मन लावून करतेय."

मला तिला सांगायचं होतं, मन लावू नकोस. चुका कर. त्यांची सुटका हवी असेल तर काही येत नसल्यासारखी बस. हे सगळं बरोबर होतं, हिशेबात चोख होतं. मी तोंड उघडलं, आणि मला तिची ओढलेली खुर्ची दिसली, टेबलापर्यंत आलेली.

"हो," मी म्हटलं. "नीट शिक."

फोन ठेवला तोवर वारा सुटला होता. कडुनिंबाची फुलं उडून कुरडयांवर पडायला लागली. काका दाराशी येऊन उभे राहिले. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या सागवानी लाकडाकडे. कडेने चीक वाळून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. त्यांनी एक रेघ नखाने खरवडली. निघाली नाही.

"पाट आत घ्या," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात काकूंच्या हातातलं भांडं थांबलं. आम्ही दोघी वाट पाहत राहिलो, ते पुढे काही म्हणतात का. काका एक बाजू धरून उभे होते. मी दुसरी धरली.